कळांचा रकाना

प्रसूतिगृहात आत्याला सगळे 'मोठ्या सिस्टर' म्हणत. त्यात वयाचा भाग थोडा आणि धाकाचा जास्त होता. एकतीस वर्षं ती त्या एकाच खोलीत पाय रोवून उभी होती. डॉक्टर आले नि गेले, खाटा बदलल्या, भिंतींचा हिरवा रंग जाऊन पिवळा आला आणि पिवळा जाऊन पांढरा आला. पण चपला दाराच्या कुठल्या बाजूला काढायच्या इथपासून ते कुठल्या बाईला कधी जोर करू द्यायचा इथपर्यंत सगळं तिच्या शब्दावर चाले. नव्या सिस्टर आपापसांत म्हणत, "मोठ्या सिस्टर रागावल्या ना, तर आलेलं बाळ परत आत जाईल."

या आत्याची भाची बुधवारी दुपारी पाणी जायला लागलं म्हणून चार नंबरच्या खोलीत येऊन पडली.

तिला घरात बारकी म्हणत. लहानपणी काडीसारखी होती म्हणून पडलेलं नाव, ते नऊ महिन्यांचं पोट घेऊनही सुटलं नव्हतं. बारकीची आई ती सहा वर्षांची असताना वारली. बाप, म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, कामाच्या निमित्तानं सदा बाहेरगावी. मग बिनलग्नाच्या आत्यानंच पोरीच्या वेण्या घातल्या, अभ्यास घेतला, पहिल्या पाळीला दुकानातून सामान आणलं. "तिला आत्या म्हणा, आई म्हणा, नाहीतर फौजदार म्हणा," बारकीनं लग्नानंतर नवऱ्याला बजावलं होतं, "पण उलट बोलू नका."

अडचण होती ती बाळाची. बाळ पायाळू होतं. डोकं वर, बूड खाली आणि दोन्ही पाय पोटाशी दुमडून ते ठाण मांडून बसलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी पोटावरून हातानं फिरवायचा प्रयत्न करून पाहिला होता, पण ते पाव इंच सरकलं नाही.

"बापावर गेलंय," आत्या तेव्हा म्हणाली होती. "एकदा बसला की उठायचं नाव नाही."

बाप तिथंच उभा होता. तो इमारतींच्या लिफ्टची दुरुस्ती करी. अबोल, हाताची नखं कायम काळी, आणि आत्यापुढे नेहमी अर्धं पाऊल मागे. तो फक्त हसला.

मग ऑपरेशन ठरलं. पुढच्या सोमवारची तारीख मिळाली. आणि तारीख जवळ येऊ लागली तशी बारकी वाळत चालली. तिच्या आईला ऑपरेशनला आत नेलं होतं आणि ती बाहेर आलीच नव्हती. एवढंच बारकीला ठाऊक होतं, कारण सहा वर्षांच्या मुलीला आत्यानं तेवढंच सांगितलं होतं. आतडं आधीच फुटलं होतं, तीन दिवस घरी अंगावर काढलं होतं, ऑपरेशन ही शेवटची आशा होती, ही बाकीची हकीकत नंतर कधीतरी सांगायची राहून गेली.

सोमवार यायच्या आधीच पाणी गेलं. गुरुवारची सकाळ उजाडली तरी कळांचा पत्ता नव्हता.

डॉक्टरीणबाई आठ वाजता खोलीत आल्या. त्यांना इथं येऊन सात महिने झाले होते. वयानं बारकीपेक्षा चारपाच वर्षांनीच मोठ्या. बोलण्याआधी चष्मा पुसायची त्यांना सवय होती. चष्मा पुसून त्या म्हणाल्या, "अठरा तास होत आले. आणखी थांबलो तर आत जंतू शिरतील. माझ्या मते आजच ऑपरेशन करू. खोली रिकामी आहे, भूल देणारे डॉक्टरही आहेत."

बारकीनं आत्याचा पदर धरला. अक्षरशः मुठीत धरला. "आत्या, नको. तू सांग ना यांना. तूच म्हणायचीस ना, पायाळू बाळं पण नीट होतात म्हणून?"

"होतात की," आत्या म्हणाली. "ढिगानं झालीत."

"मग कळा सुरू करायचं औषध द्या मला. शेजारच्या खाटेवरच्या बाईला दिलं तसं."

"तिच्या बाळाचं डोकं खाली होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पायाळू बाळाच्या कळा आपोआप सुरू झाल्या तर ती एक गोष्ट असते. आपण औषधानं सुरू करायच्या, ही वेगळी. काही ठिकाणी निवडक बायकांना देतात. पण त्याबद्दल खात्रीनं सांगावं इतकी माहिती कुणाकडेच नाही, आणि मी स्वतः कधी दिलेलं नाही. मी बाहुलीवर अशी शंभर बाळंतपणं केलीत. माणसावर तीन."

खिडकीशी उभा असलेला जावई घसा खाकरून म्हणाला, "आत्या, मी काय म्हणतो... आमच्याकडे लिफ्टचं दार अडलं ना, तर आम्ही जोर नाही लावत. आधी का अडलंय ते बघतो."

"बाई म्हणजे लिफ्ट नव्हे, जावईबापू," आत्या म्हणाली, आणि दारातली सिस्टर फिस्सकन हसली. जावई पुन्हा खिडकीकडे वळला.

डॉक्टरीणबाईंनी आत्याला बाहेर बोलावलं. बाहेरच्या लांब व्हरांड्यात फिनेलचा वास होता आणि एक म्हातारी बाकावर बसून गुडघे चोळत होती.

"सिस्टर, आजोबा डॉक्टर होते तेव्हा इथं पायाळू बाळंतपणं खूप व्हायची, असं ऐकते."

आजोबा म्हणजे आधीचे डॉक्टर. पाच वर्षांपूर्वी वारले. आत्याचं नर्सिंगचं शिक्षण कागदावर कुठंही झालेलं असो, खरं झालं ते त्यांच्या हाताखाली.

"सत्तरच्या घरात," आत्या म्हणाली. "सगळी माझ्या डोळ्यांदेखत."

"त्यातल्या कुणाच्या कळा औषधानं सुरू केल्या होत्या का?"

"होत्या की."

हे उत्तर द्यायला आत्याला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. ती खोटं बोलत होती असं म्हणता येणार नाही. प्रश्न ऐकला तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे एक चित्र आलं: आजोबा खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसलेत, उगाच बाळाला हात लावायचा मोह होऊ नये म्हणून दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवलेत, बाळाचं बूड आपल्या आपण खाली येतंय, आणि खाटेजवळच्या दांडीला सलाईनची बाटली लटकते आहे. चित्रात बाटली होती हे खरं. पण बाटलीत काय होतं ते चित्रात दिसत नाही, आणि आत्यानं निरखून पाहिलंही नाही. एकतीस वर्षांत तिला कुणी विचारलं आणि तिला आठवलं नाही, असं झालं नव्हतं. आज तिची पोर आत पडली होती. आजच कुठं "आठवत नाही" म्हणायचं?

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुन्हा पुसला. "तुम्ही शेवटपर्यंत थांबाल?"

"मी कुठं जाणार?"

आत जाऊन त्यांनी बारकीला सगळं पुन्हा सांगितलं. धोके एकेक करून सांगितले, डोकं अडकू शकतं हेही सांगितलं. बारकीनं मान हलवली आणि म्हणाली, "आत्या म्हणेल ते."

नऊ वाजता औषध सुरू झालं. थेंब थेंब, घड्याळ लावून.

दुपारपर्यंत सगळं छान चाललं होतं. दर तीन मिनिटांनी कळ येई. पोटाला बांधलेल्या पट्ट्यातून बाळाचे ठोके टक टक ऐकू येत. बारकी घामानं भिजली होती, पण दोन कळांच्या मध्ये तिच्या जिभेला उसंत होती. "आत्या, हे जर तुझ्यासारखं शिस्तीचं निघालं तर मी घर सोडून जाईन."

"जा. मी आणि माझी नात राहू मजेत."

"मुलगीच कशावरून?"

"मुलगा असता तर एवढा वेळ बसून विचार केला असता का?"

जावईसुद्धा हसला. त्यानं बारकीच्या तोंडाशी पाण्याचा पेला धरला होता आणि त्याची काळी नखं त्यानं आज कशानं तरी घासघासून लाल केली होती.

दोन वाजता कळा मंदावल्या. तीनची पाच मिनिटं झाली, पाचाची सात. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडलं होतं आणि तासाभरात काही पुढं सरकलं नव्हतं. हातमोजा काढत त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, माझ्या मते औषध आता इथंच थांबवावं. ऑपरेशनला नेऊ. नाहीतर मग थेंब वाढवावे लागतील."

आत्याच्या मनात काहीतरी हललं. बंद पेटीत काही सरकल्यासारखं. अशा वेळी आजोबा काहीतरी करायचे. स्टुलावरून उठायचे, एवढं आठवलं. उठून काय करायचे?

"आत्या," बारकीनं तिचं मनगट पकडलं, "तू म्हणाली होतीस. नेऊ नको देऊस मला."

पेटी उघडायला दोन मिनिटं शांतता हवी होती. ती आत्यानं मागितली नाही.

"वाढवा, डॉक्टर," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी एकदा बाळाचे ठोके ऐकले. मग त्यांनी नळीवरचं चाक फिरवलं.

त्यानंतरच्या कळा आधीच्या कळांसारख्या नव्हत्या. लाटेमागून लाट यावी आणि मधे किनारा दिसूच नये, तशा. बारकीचं बोलणं थांबलं. बाळाचे ठोके उतरू लागले तसे डॉक्टरीणबाईंनी औषध बंद केलं आणि ऑपरेशनची खोली उघडायला सांगितली. पण तेवढ्यात बूड बाहेर दिसू लागलं. पाय आले, पाठ आली, मग एक हात, मग दुसरा. बूड बारीक असतं, पुरत्या न उघडलेल्या वाटेतूनही ते रेटलं जातं. डोकं मोठं असतं. डोकं आलं नाही.

अशा वेळी एका माणसानं मिनिटं मोठ्यानं मोजायची असा त्या खोलीचा जुना रिवाज होता. घाईत असलेल्या डॉक्टरला वेळेचं भान राहत नाही म्हणून. मोजायचं काम कायम आत्याचं.

"एक मिनिट," आत्या म्हणाली.

पिशवीचं तोंड बाळाच्या मानेभोवती आवळलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरून घाम चष्म्यावर उतरला, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"दोन मिनिटं."

जावयाला कुणीतरी बाहेर काढलं. तो गेला, पण दाराच्या काचेपाशी थांबला.

"तीन."

आत्याचा आवाज अजून खणखणीत होता. तिचं तिलाच त्याचं नवल वाटलं, आणि किळसही.

चार झाली. पाच झाली. डॉक्टरीणबाईंनी कात्री मागितली, जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं, एकही गोष्ट चुकली नाही, एकही गोष्ट सोडली नाही. बाहुलीवर शंभरदा केलं होतं तसंच केलं. सातव्या मिनिटाला डोकं सुटलं.

मुलगी होती. रंग जांभळट, अंग ओल्या फडक्यासारखं. छातीत ठोका होता, फार सावकाश. बालरोगतज्ज्ञ तिला काचेच्या खोलीत घेऊन गेले. तिथं ती दोन दिवस होती. तिच्या नाकात नळी होती, आणि मधूनच तिचे दोन्ही हात एका लयीत थरथरत. पहिल्यांदा ते पाहून जावई आनंदानं म्हणाला, "आत्या, हात हलवतेय!" ते झटके आहेत हे आत्याला ठाऊक होतं. ती "हो" म्हणाली. शनिवारी दुपारी तीनला हात थांबले.

बारकीच्या अंगात ताप होता, तिला आणखी काही दिवस ठेवून घेतलं. शिरेतून औषध चालू होतं. भेटायला येईल त्याला ती एकच सांगे, "आत्या होती म्हणून मी तरी हाती लागले." आत्या तिथं असली की तिचा हात धरून सांगे. त्या धरलेल्या हाताचं काय करावं हे आत्याला कळेनासं झालं.

रविवारी ती जुने कागद ठेवायच्या खोलीत गेली. तिथं मोडक्या खाटा होत्या, फुटक्या बादल्या होत्या, आणि फळीवर आजोबांच्या काळातल्या प्रसूतीच्या नोंदवह्या. आजोबा पायाळू बाळंतपणाच्या ओळीखाली लाल रेघ मारत, त्यामुळे शोधायला त्रास पडला नाही. जमिनीवर बसून तिनं पानं उलटली. प्रत्येक ओळीत एक रकाना कळांचा होता.

आपोआप. आपोआप. आपोआप.

एका वहीत नऊ, दुसरीत चौदा. मधेमधे दुसऱ्या तऱ्हेच्या ओळी येत: 'कळा नाहीत, शस्त्रक्रिया.' 'कळा मंदावल्या, शस्त्रक्रिया.' 'सहा तास प्रगती नाही, शस्त्रक्रिया.' सत्तर बायकांपैकी एकीच्याही रकान्यात औषधाचं नाव नव्हतं. ज्यांची बाळं नीट आली त्यांच्या कळा स्वतःहून आल्या होत्या आणि स्वतःहून चालू राहिल्या होत्या. ज्यांच्या राहिल्या नाहीत, त्यांना आजोबांनी स्टुलावरून उठून ऑपरेशनला नेलं होतं. आत्याला आता त्यांचा आवाजही आठवला. "कळा थांबल्या म्हणजे आतून कुणीतरी नाही म्हणतंय, सिस्टर. आपण ऐकायचं."

पण तिला जागीच खिळवलं ते या वाक्यानं नव्हे. वह्यांतलं अक्षर तिचं होतं. ओळ न् ओळ तिनं लिहिली होती, 'शस्त्रक्रिया'मधला 'स्त्र' ती कायम मोठा काढायची, तसाच तो होता. ऑपरेशनला नेलेल्या त्या बायका तिच्या आठवणीतून पुसून गेल्या होत्या, आणि नीट झालेली तेवढी लख्ख उरली होती. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. तिनं शितंसुद्धा निवडून ठेवली होती.

संध्याकाळी ती वही घेऊन डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली आणि पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं. बराच वेळ वाचलं.

"बाळ गेल्याच्या चौकशीचा कागद मी लिहून दिलाय," त्या म्हणाल्या. "निर्णय माझा होता, असं लिहिलंय. तो होताच."

"मी हो म्हणाले म्हणून."

"सिस्टर, मला ठाऊक होतं की मला ठाऊक नाही. तरीही तुम्हाला विचारलं. तुम्ही हो म्हणावं असं मला वाटत होतं म्हणून विचारलं. ती एवढी गयावया करत होती." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "तुमचं तुम्ही लिहून द्या. माझं मी खोडणार नाही."

आत्यानं तिथंच बसून अर्धं पान लिहिलं आणि सही केली. ते सोपं गेलं. कागद उलट बघत नाही.

सोमवारी सकाळी बारकीला घरी सोडायचं होतं. ठरल्याप्रमाणे आत्याकडे. जावई पिशवी भरत होता. बाळासाठी आणलेले कपडे त्यानं सगळ्यात खाली घातले आणि वर टॉवेल दाबला. बारकीच्या छातीत दूध भरून आलं होतं, कुर्त्यावर दोन ओले गोल उमटले होते, आणि ती ते ओढणीनं झाकत होती.

आत्या खाटेशी उभी राहिली. एरवी ती कडेला बसे.

"बारके, तुला एक सांगायचंय. ऐकून घे."

"काय गं? बस ना."

"गुरुवारी डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन विचारलं, की आजोबांच्या वेळी पायाळू बाळाला कळांचं औषध देत होते का. मी हो म्हणाले. देत नव्हते. एकदाही नाही. मी वह्या पाहिल्या."

बारकीला पहिल्यांदा नीट कळलं नाही. जावयाला कळलं. पिशवीची चेन ओढता ओढता त्याचा हात थांबला.

"म्हणजे तू खोटं बोललीस?"

"मला खरंच तसं वाटलं होतं."

"मग?"

"नक्की आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. ते म्हटलं नाही. दुपारी कळा थांबल्या तेव्हा डॉक्टर ऑपरेशनला नेत होत्या. तेव्हाही मीच वाढवा म्हणाले."

"मीच तुला म्हटलं होतं, नेऊ देऊ नको म्हणून."

"तू घाबरलेली होतीस. तू काहीही म्हणणारच. मी घाबरले नव्हते. माझं काम होतं ते."

खोलीबाहेरून चाकांची गाडी खडखडत गेली. बारकी आत्याकडे बघत होती. रागानं नव्हे. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं आणि तेच आहे का याची खात्री होऊ नये, तसं.

"नेलं असतं," तिनं विचारलं, "तर ती असती?"

आत्याच्या तोंडाशी कितीतरी वाक्यं आली. कुणालाच सांगता येत नाही. नशिबात असतं ते होतं. ऑपरेशनातही काही वेळा... एकतीस वर्षांत तिनं ही वाक्यं शेकडो बायकांना दिली होती, आणि त्यांनी ती घेतलीही होती.

"बहुतेक असती," ती म्हणाली.

जावई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. बारकी रडली नाही. तिनं ओढणी नीट केली, पाय खाटेवरून खाली सोडले आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, रिक्षा आपल्या घरची सांगा. तिकडे नाही जायचं."

त्यानं मान हलवली.

तिच्या डाव्या हातावर औषधाची सुई अजून तशीच होती, चिकटपट्टी लावलेली. जायच्या आधी ती काढायला हवी होती. आत्याचा हात सवयीनं पुढे गेला. बारकीनं आपला हात मागे घेतला. झटकला नाही, नुसता मांडीवर ओढून घेतला.

"दुसऱ्या कुणाला तरी पाठव," ती म्हणाली.

आत्या बाहेर आली. औषधांच्या टेबलाशी नवी सिस्टर बसली होती, तिला म्हणाली, "चार नंबरची सुई काढायचीय. कापूस दाबून धर, रक्त लवकर थांबत नाही तिचं." नवी सिस्टर चकित होऊन तिच्याकडे पाहत उठली आणि आत गेली.

दार अर्धवट उघडं राहिलं होतं. आत नवी सिस्टर हळू आवाजात काहीतरी समजावत होती आणि चिकटपट्टी कडेकडेनं, जपून, जराजराशी सोडवत होती. अशी हळू सोडवली की जास्त दुखतं. एका झटक्यात ओढायची असते. "आई गं," बारकीचा आवाज आला. पुन्हा आला.

आत्या भिंतीला टेकून उभी राहिली. दोन पावलांवर दार होतं. ती आत गेली नाही.